वाशिमच्या बाजारातला बोंबील: काठीसारखा दिसणारा हा मासा समुद्रात नेमका राहतो कुठे?

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही आठवडी बाजारात गेलात तर एका कडेला सुक्या मासळीची दुकानं असतात. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. एका पोत्यावर सुकटीचा ढीग, शेजारच्या पोत्यावर सुके बोंबील. वास आधी येतो, दुकान नंतर दिसतं. पिवळट, वाकडी, वाळलेली काडी असावी तसा हा मासा अनेकांनी लहानपणापासून खाल्लेला असतो. पण जिवंत बोंबील पाहिलेला माणूस वाशिम जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल.

ते साहजिकच आहे. इथून मुंबईचा किनारा रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पैनगंगेतली वाम किंवा मरळ आपल्या ओळखीची, पण समुद्रातल्या माशांपैकी वऱ्हाडात घरोघरी पोहोचला तो मुख्यतः सुका बोंबील आणि सुकट. पापलेट, सुरमई हे इथे परवा-परवा आले, तेही बर्फात बसून. बोंबील मात्र आधीपासून इथे आहे. तो इतक्या लांब का येऊ शकला, आणि सुकवूनच का आला, याचं उत्तर त्याच्या शरीरात आणि तो ज्या चिखलावर राहतो त्या चिखलात आहे. त्या चिखलाशी वाशिमचं एक नातंही आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

नव्वद टक्के पाणी

बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज अमदानीतल्या वैद्य-निसर्गअभ्यासकाने गंगेच्या परिसरातल्या माशांवर लिहिलेल्या ग्रंथात १८२२ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे आपण ज्याला मुंबईचा मासा समजतो, त्याची शास्त्रातली नोंद झाली ती बंगालमधून. तिकडे त्याला 'लोटे' किंवा 'लोइट्टा' म्हणतात आणि तो तितक्याच आवडीने खाल्ला जातो.

ताजा बोंबील हातात घेतला तर पहिल्यांदा दचकायला होतं. अंग मऊ, बुळबुळीत, अर्धपारदर्शक, फिकट करडं. ताठपणा नावाला नाही. त्याच्या मांसात जवळपास ९० टक्के पाणी असतं. इतर बहुतेक माशांत हे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतं. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब उलटा करून पाहा. ७५ टक्के पाणी असलेल्या एक किलो माशात २५० ग्रॅम घन पदार्थ असतो, बोंबलात जेमतेम १००. हाडंही मऊ आणि लवचीक. म्हणूनच कोळ्यांच्या घरी ओला बोंबील तळायच्या आधी तो चिरून, पसरून, वर पाटा किंवा दुसरं काही जड ठेवून त्यातलं पाणी काढतात. तसं केलं नाही तर कढईत मासा कमी आणि रस्सा जास्त.

बोंबलाचं कुळ सरडमाशांचं. याच कुळातल्या एका माशाला आपल्या किनाऱ्यावर 'चोर बोंबील' म्हणतात. सरडमासे वाळूवर किंवा चिखलावर निपचित पडून राहतात आणि जवळून काही गेलं की झडप घालतात. बोंबील त्यांच्यासारखा तळाला चिकटून बसत नाही. तो तळाच्या जरा वर, गढूळ पाण्यात थव्याने फिरतो. बहुतेक हाडाळ माशांना पोटात हवेची एक पिशवी असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात तरंगतात. बोंबील ज्या गणात मोडतो त्या गणातल्या माशांना ही पिशवी नसते. त्यामुळे अंग हलकं ठेवायचं तर हाडं-मांसच हलकं हवं. पाणीदार मांस आणि पातळ हाडं ही खोल समुद्रातल्या अनेक माशांचीही युक्ती आहे.

आता त्याचं तोंड बघा. सुका बोंबील घरी असेल तर डबा उघडून खरंच बघा. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, तोंडाची फाट डोळ्यांच्या कितीतरी मागे गेलेली, आणि आत सुईसारखे बारीक, आत वळलेले दात. हे दात आतल्या बाजूला दुमडतात. भक्ष्य आत जाताना ते दबतात, बाहेर यायला लागलं की आडवे येतात. डोळे मात्र अगदी बारीक. ज्या पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही तिथे मोठे डोळे घेऊन करायचं काय? त्याऐवजी अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेषा जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल, थरथर तिच्यातून कळते. बहुतेक माशांत ही रेषा शेपटीच्या मुळाशी संपते. बोंबलात ती शेपटीतही शिरते आणि तिथे शेपटीला मधला तिसरा पंजा तयार होतो. म्हणून बोंबलाची शेपटी दोन फाट्यांची नसून तीन फाट्यांची दिसते. अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागावर खवले जवळपास नसतातच, मागच्या अर्ध्या भागावर ते असतात. पूर्ण वाढलेला बोंबील ४० सेंटीमीटरपर्यंत जातो, पण बाजारात येणारा साधारण २५ सेंटीमीटरच्या आसपास.

सगळा समुद्र त्याचा नाही

भारताचा किनारा साडेसात हजार किलोमीटर म्हणून आपण शाळेत पाठ करतो. बोंबलाला त्यातला फार थोडा पसंत आहे. पश्चिमेकडे सौराष्ट्रापासून खंबायतच्या आखातातून खाली मुंबई, रायगडपर्यंत तो भरपूर मिळतो. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो आणि पुढे कर्नाटक, केरळात जवळपास दिसत नाही. मग थेट पूर्व किनाऱ्यावर आंध्रच्या उत्तर भागापासून ओडिशा, बंगाल, बांगलादेश असा पुन्हा सापडतो. पुढे म्यानमार, आग्नेय आशिया, चीनचा किनारा. मधली एवढी मोठी गाळलेली जागा पाहून शास्त्रज्ञांनाही कुतूहल वाटलं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या या भटकंतीवरच एक लेख लिहिला होता. पुढे १९७० मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एस. व्ही. बापट यांची बोंबलावरची स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. एका माशावर एक पुस्तिका, हा मान सगळ्यांना मिळत नाही.

या सगळ्या ठिकाणांत सारखं काय, हे नकाशा समोर ठेवला की दिसतं. मोठ्या नद्यांची मुखं, गाळ, उथळ समुद्र आणि भरती-ओहोटीचा जोर. मुंबई ते खंबायत या पट्ट्यात समुद्राचा उथळ तळ किनाऱ्यापासून दोन-तीनशे किलोमीटर आत जातो. दक्षिणेकडे हा तळ अरुंद होतो. भरती-ओहोटीतला फरक भावनगरला दहा मीटरच्या घरात जातो, मुंबईला मोठ्या उधाणाला पाचेक मीटर, गोव्याला दोनेक, कोचीला जेमतेम एक. दहा मीटर म्हणजे तीन मजली इमारत. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, त्यामुळे तळाचा गाळ कधी स्वस्थ बसत नाही. पाणी कायम चहासारखं. आपल्याला ते घाणेरडं वाटतं, पण त्या गढूळपणात नद्यांनी आणलेलं सेंद्रिय द्रव्य असतं. त्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर जवळा जगतो आणि जवळ्यावर बोंबील.

हा गाळ येतो कुठून? साबरमती, मही, नर्मदा आणि तापी. आणि इथे वाशिम येतं.

वाशिम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्व भागात, पाणलोटाच्या कण्यावर बसलेला आहे. इथे पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी पूर्वेकडे, वर्धा-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला. काटेपूर्णेचं मात्र उत्तरेकडे. ती वाशिम जिल्ह्यात उगम पावते, अकोल्याच्या बाजूला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेच्या खाली खंबायतच्या आखाताला. म्हणजे मालेगावच्या बाजूच्या शेतातून पावसात वाहून गेलेली काळी माती हजारो वर्षं याच वाटेने गेली. मुंबई-गुजरातच्या समुद्रतळावरच्या चिकणमातीचा मोठा वाटा दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच आहे. आता महानचं धरण, हतनूर, आणि १९७० च्या दशकापासून उकाई, यांत त्यातली बरीच माती अडते. पण बोंबील ज्या चिखलावर पोसला जातो तो तयार करण्यात वऱ्हाडच्या रानांचा हात आहे, एवढं नक्की. गंमत म्हणजे वाशिमचं दुसरं पाणी ज्या उपसागराला जातं, त्याच्या उत्तर टोकालाही बोंबीलच आहे.

जवळा, मांदेली आणि स्वतःची पोरं

बोंबील हा पक्का शिकारी. त्याच्या पोटात सापडतो तो मुख्यतः जवळा, म्हणजे कोळंबीच्या जातीचा इवलासा जीव. त्याखेरीज लहान कोळंबी, मांदेली आणि हाताला लागतील ते छोटे मासे. यात बोंबीलही आलेच. मोठा बोंबील लहान बोंबलाला बिनदिक्कत गिळतो. ज्या गढूळ पाण्यात शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही तिथे नातीगोती कोण पाहणार.

हाच जवळा सुकवला की त्याची सुकट होते. म्हणजे बाजारात ती दोन पोती शेजारी-शेजारी असतात ना, त्यातलं एक जेवणाऱ्याचं आणि दुसरं त्याच्या जेवणाचं.

मादी अंडी पाण्यातच सोडते, पिल्लांची देखभाल वगैरे काही नाही. विणीचा काळ लांबलचक, वर्षातले बरेच महिने थोडी थोडी वीण चालू असते. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. पहिल्यांदा अंडी घालण्याइतका तो मोठा होतो तेव्हा त्याची लांबी साधारण २० सेंटीमीटरच्या आगेमागे असते. हा आकडा लक्षात ठेवा.

डोल: प्रवाहाच्या तोंडाशी धरलेली पिशवी

बोंबलामागे जाळं घेऊन धावावं लागत नाही. वसई, अर्नाळा, उत्तन या भागातले कोळी डोल लावतात. डोल म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. तोंड प्रचंड रुंद, शेवट बारीक. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती दोरांनी बांधतात आणि तोंड भरती किंवा ओहोटीच्या प्रवाहाकडे ठेवतात. प्रवाह जोरात वाहतो आणि ज्यांना त्याच्याविरुद्ध पोहता येत नाही ते सगळं पिशवीत जमा होतं. बोंबलाचं अंग असं लिबलिबीत, तो प्रवाहाशी भांडत नाही. म्हणून जिथे भरतीचा जोर तिथे डोल, आणि जिथे डोल तिथे बोंबील. भारतात वर्षाला लाख टनाच्या आगेमागे बोंबील सापडतो आणि त्यातला फार मोठा भाग गुजरात-महाराष्ट्राच्या याच पट्ट्यातला.

पकडल्यावर घाई सुरू होते. एवढं पाणी असलेलं मांस उन्हात काही तासांत बिघडायला लागतं. बर्फ नव्हता तेव्हा उपाय एकच होता, ते पाणी काढून टाकणं. किनाऱ्यावर बांबूचे उंच सांगाडे उभारतात, त्यांवर आडव्या दोऱ्या ताणतात. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. शिकार निसटू नये म्हणून असलेले ते आत वळलेले दात इथे चिमट्याचं काम करतात. हे काम बहुतेक ठिकाणी कोळी बायकांच्या हातचं. चांगलं ऊन आणि वारा असला तर तीन-चार दिवसांत मासा खडखडीत वाळतो. मीठ सहसा लावत नाहीत. लावायची गरजच पडत नाही, कारण पातळ अंगातून पाणी झपाट्याने निघून जातं. हीच प्रक्रिया जाड मांसाच्या घोळीवर केली तर ती आतून सडेल. तिला खारवावंच लागतं.

वाळल्यावर राहतात ती मुख्यतः प्रथिनं आणि मऊ हाडांतलं कॅल्शियम. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात साधारण ६० ग्रॅम प्रथिनं असतात. वजनाला हलका, बर्फ नको, महिनोन् महिने टिकणारा. बैलगाडी, रेल्वे, एसटीच्या टपावरचं पोतं, कशानेही जाऊ शकणारा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि तो वाशिम जिल्ह्यातूनच जातो, तेव्हा आता ताजी मासळीही एका रात्रीत येऊ शकते. सुक्या बोंबलाला मात्र अशा रस्त्याची वाट कधी पाहावी लागली नाही.

जाता जाता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक गोष्ट. इंग्रज याला 'बॉम्बे डक' का म्हणत? तर म्हणे हा मासा मुंबईहून डाकगाडीने जायचा, 'बॉम्बे डाक'चं 'बॉम्बे डक' झालं. गोष्ट छान आहे, पण ऑक्सफर्ड शब्दकोशाने या शब्दाचा वापर १८५० पर्यंत मागे नेला आहे, आणि मुंबईहून पहिली आगगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ ला. गाडीच्या आधी नाव पोहोचलं होतं. तेव्हा पुढे पाठवण्याआधी थांबा.

अठरा सेंटीमीटरचा प्रश्न

मघाचा आकडा आठवा, २० सेंटीमीटर. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, घोळ ७०० आणि बोंबील १८०. यापेक्षा लहान मासा पकडणं आणि विकणं, दोन्हींवर निर्बंध. हेतू साधा आहे, एकदा तरी वीण होऊ द्या. बोंबलाची १८ सेंटीमीटरची मर्यादा मला तशी मवाळच वाटते, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

अडचण वेगळीच आहे. डोलीच्या शेवटच्या भागाची आस, म्हणजे जाळ्याच्या छिद्राचं माप, फार बारीक असते. ती मोठी करा म्हणणं सोपं. पण डोलीत नुसता बोंबील येत नाही, जवळाही येतो, आणि जवळा पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटीमीटरचाच. जवळा हवा असेल तर आस बारीकच लागणार, आणि बारीक आशीत बोंबलाची पिल्लंही अडकणार. त्यातून दोघं राहतात एकाच पाण्यात, कारण एक दुसऱ्याला खायला तिथे आलेला असतो. कोळ्यांनी पिल्लं वेचून परत टाकावीत तर प्रवाहाच्या दाबाने ती पिशवीतच मेलेली असतात. शिवाय डोलवाले विचारतात की आम्ही एका जागी बांधलेलं जाळं लावतो, तळ खरवडत फिरणाऱ्या ट्रॉलरना आधी विचारा. हा प्रश्न रास्त आहे. १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी असते, तेवढा काळ यांत्रिक नौका किनाऱ्यावर असतात. पण वर्षभर थोडी थोडी वीण करणाऱ्या माशाला दोन महिन्यांचा आडोसा कितपत पुरणार?

याचा पुरावा पाहायला अर्नाळ्याला जायची गरज नाही. सुकट निवडायला बसलात की तिच्यात बोटाच्या पेराएवढे पांढरट मासे निघतात, ते बाजूला काढून आपण मांजराला घालतो. त्यात मांदेली असते, इतर काहीबाही असतं, आणि मोठं तोंड व तीन फाट्यांची शेपटी दिसली तर ते बोंबलाचं पिल्लू.

बाजारात घेताना

वाळताना मासा आक्रसतो, त्यामुळे सुक्या बोंबलाला पट्टी लावून कायद्याचं माप काढता येत नाही. पण वीतभर लांबीचे आणि बोटभर लांबीचे असे दोन ढीग असले तर कुठला घ्यायचा हे कळतं. बारीक बोंबील स्वस्त मिळतो खरा, पण त्यात डोकं आणि शेपूट काढून टाकल्यावर हातात काही राहत नाही.

रंग फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा असावा. तांबूस किंवा काळपट पडलेला घेऊ नका. वाकवला तर कडक लागायला हवा. लिबलिबीत असेल तर ओल धरली आहे. पोत्याच्या तळाशी भुकटी साचली असेल तर समजा किडे लागलेत, ते आतून मांस खातात आणि वरून मासा शाबूत दिसतो. पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा बोंबील उपयोगी पडतो, पण हवेतली ओल ओढून घेण्यातही तो पुढे. म्हणून वर्षाचा साठा उन्हाळ्यात घ्यावा, एक-दोन कडक उन्हं दाखवावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. हा डबा धान्याच्या कोठीपासून लांब असलेला बरा.

करताना डोकं, शेपूट, कल्ले कातरून टाका. तुकडे कोरड्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजून घेतले की उग्र वास बराच जातो. मग गरम पाण्यात दहा मिनिटं. तुकडे फुगतात आणि मधला काटा ओढला की सुटून येतो. पुढे वांग्यात घाला, नाहीतर कांदा-लसूण-तिखटात कोरडेच परता, ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन्ही चालतात. भिजवलेलं पाणी मात्र फेकून द्या, कितीही निवडलं तरी त्याच्या तळाशी थोडी वाळू बसतेच.